जीव भांड्यात

सणसवाडी
३ जानेवारी २०२५

ती. आत्या,
साष्टांग नमस्कार.

घशातली गाठ साधी निघाली हे बाबांनी फोनवर सांगितलं आणि जीव भांड्यात पडला. पण सहा आठवडे बोलायचं नाही म्हणजे काय? चाळीस वर्षं व्यासपीठं गाजवलेल्या बाईला डॉक्टरांनी याहून मोठी शिक्षा ती कोणती द्यायची? मोबाइलवर तू एका बोटानं एक ओळ लिहिणार, तोवर माझी शिफ्ट संपणार. शिवाय माझा फोन दिवसभर कंपनीच्या गेटवर लॉकरमध्ये असतो. म्हणून हा कागद. आमच्या कंपनीच्या बसचे ड्रायव्हर हनुमंतमामा शिरूरला तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी राहतात. सकाळी दिलेलं पत्र संध्याकाळी तुझ्या हातात.

एक मदत हवी आहे. रविवारी आम्ही पाच जण माझ्या खोलीवर एक खेळ खेळतो. पट नाही, पत्ते नाहीत. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात आणि तलवार लागली की हुकली हे वीस तोंडांचा फासा टाकून ठरतं. गोष्ट सांगणारी मी. सध्याच्या गोष्टीतला खलनायक लिच आहे. लिच म्हणजे मरणाला भिऊन स्वतःचा जीव काढून डबीत लपवणारा जादूगार. देह सुकून त्याचा सांगाडा होतो, तरी तो उठून बसतो, मंत्र म्हणतो, राज्य करतो. कितीदाही मारा, डबी शाबूत असेपर्यंत तो परत येतो. आणि डबीतला जीव तगावा म्हणून त्याला दुसऱ्यांचे आत्मे गिळावे लागतात.

पण "लिच" म्हटलं की आमची पोरं घाबरत नाहीत, हसतात. मला मराठी शब्द दे. आणि आपल्या गोष्टींत असलं कुणी आहे का, तेही सांग.

बाबांना यातलं काही कळवू नकोस. केडगावचे पाहुणे मला बघून गेलेत. "पोरगी रविवारी चार पोरांबरोबर भुतं खेळते" एवढंच त्यांच्या कानावर जायचं राहिलंय.

तुझी
प्रांजल


शिरूर
६ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,

मरणाऱ्या मांत्रिकांशी भांडण्यात माझी हयात गेली आणि माझी भाची न मरणारा मांत्रिक पाळते आहे! आशीर्वाद देऊ की कानाखाली, हे अजून ठरलेलं नाही.

जुन्या इंग्रजीत लिच म्हणजे नुसतं मढं. शब्दात काही दम नाही. आपल्याकडे काम टाळणारा तो कामचुकार. मग मरण टाळणारा मरणचुकार म्हण. शब्द माझा आहे, वापर.

असली माणसं सगळीकडे आहेत. आपल्या आज्यांच्या गोष्टीत राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असायचा. उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात तो अंड्यातल्या सुईत असतो. इजिप्तच्या राजांनी तर मेल्यावर लागतील म्हणून आतडीसुद्धा बरण्यांत भरून ठेवली. वेताळ मात्र यातला नाही. तो दुसऱ्याच्या मढ्यात राहतो, तुमच्या सणसवाडीतल्या भाडेकरूसारखा. मरणचुकार स्वतःच्याच मढ्याचा घरमालक. ज्याला सगळं मिळालं आणि सोडवत मात्र काहीच नाही, असा माणूस.

आणि एक गंमत बघ. तू पहिल्याच ओळीत लिहिलंस, "जीव भांड्यात पडला". म्हणजे तुझा मरणचुकार जे पाप म्हणून करतो, ते आपण सुटलो म्हणून बोलतो. दिवसभर मी यावर विचार करते आहे. बोलता येत नसलं की माणूस विचार करतो, हा मला या वयात नवीनच अनुभव आहे.

खेळा. पण खेळाला कुंपण घाला. भीती दार वाजवून येत नाही, पोरी. तिला एक फट पुरते.

राजश्री आत्या


सणसवाडी
९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

मरणचुकार! शब्द ऐकल्याबरोबर आमचा सत्यजीत हातातला वडापाव खाली ठेवून म्हणाला, "हा तर आमचा जुना सुपरवायझर. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, रोज येतोय." पण त्यानंतर कुणी हसलं नाही. शब्द लागू पडला.

येत्या रविवारी चौघांना हुरड्याला म्हणून आपल्या लवणवस्तीवर नेते आहे. खेळाचा शेवट तिथेच होणार. गेल्या रविवारी घरी जाऊन सगळी तयारी करून आले. कसली, ते आत्ता लिहीत नाही. हनुमंतमामा पत्रं उघडून वाचतात असा मला दाट संशय आहे. (मामा, वाचत असाल तर नमस्कार.)

प्रांजल


शिरूर
१७ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,

घाईत लिहिते आहे, अक्षर सांभाळून घे.

वस्तीवरच्या अंगणवाडीतल्या पूनमचे काल मला ओळीनं निरोप आले. परवा तुमच्या आणि आनंदरावच्या शेताच्या बांधावर पाइपलाइनची चारी खणताना पितळी डबा निघाला. तोंड रक्तासारख्या लाल मेणानं बंद केलेलं. आत हाड, कवटी, अनेक तोंडांचा कसलासा खडा आणि लाल शाईनं नावं लिहिलेला कागद. पहिलं नाव आनंदरावचं. त्याला आठवड्यापासून कावीळ आहे. आणि डब्यावर कोरलेलं नाव, "सगुणा ज्योतिबा टेळे".

संपलं! सगुणाबाईनं करणी केली. दूध संकलनाचा चेअरमन आनंदराव, त्यानं तिच्या शेळ्यांचं दूध घेणं बंद केलं. सार्वजनिक नळावर ती आली की बाया हंडे उचलून घरी जातात. डबा मारुतीच्या पारावर पाटीखाली झाकून वर दगड ठेवलाय. येत्या अमावास्येला, म्हणजे २९ तारखेला, देवऋषी बोलावलाय. तो बोट दाखवणार आणि तिला वस्ती सोडावी लागणार. एकट्या विधवेवर बोट दाखवायला देवऋषी कशाला हवा? ते काम आपल्याकडे कुणीही करतं.

हा डबा आनंदरावनंच पुरलाय. सगुणाबाईचा रस्त्याकडचा तुकडा त्याच्या डोळ्यांत आहे. मला पुरावा नको, माझं नाक पुरेसं आहे. जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ पासून या राज्यात आहे, मी पोलिसांकडे अर्ज करणार आहे. पण त्याआधी कुणीतरी वस्तीवर उभं राहून बोललं पाहिजे. २६ तारखेला झेंडावंदनानंतर शाळेपुढे बैठक आहे. मी मुकी आहे. तू माझा आवाज हो.

आत्या


सणसवाडी
१९ जानेवारी २०२५

ती. आत्या,

वाचून फार वाईट वाटलं. पण मला २६ ला जमेल असं वाटत नाही. ऑडिट तोंडावर आलंय, गेल्या रविवारीही ओव्हरटाइम लागला आणि हुरडा राहूनच गेला.

तू पोलिसांत जाऊ नकोस. कुणीतरी गंमत म्हणून केलेलं असेल. एका कागदावर सात नावं लिहिली म्हणून करणी थोडीच होते? चार दिवसांत लोक विसरतील. आनंदरावआप्पा बरे झाले की आपोआप मिटेल. तू त्रास करून घेऊ नकोस, घसा जप.

प्रांजल


शिरूर
२१ जानेवारी २०२५

प्रांजल,

मी "नावं" असं लिहिलं होतं. किती, ते मलाच माहीत नव्हतं. तुझं पत्र वाचून पूनमला विचारलं. सात.

तीस वर्षं पेपर तपासलेत मी. कॉपी करणारा मुलगा चुकीच्या उत्तरामुळे सापडत नाही, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहितो म्हणून सापडतो. मग तुझं ९ तारखेचं पत्र काढलं. "तयारी करून आले." हा शब्द मी तेव्हाही वाचला होता. पण मला शत्रू हवा होता, आणि ज्याला शत्रू हवा असतो त्याला अक्षरं दिसत नाहीत.

मी तुला काही म्हणत नाही. सोबतचा कागद आजच आला, तो वाच.

आत्या


(सोबतचा कागद)

लवणवस्ती
२० जानेवारी

राजश्रीआक्कास्नी सगुणाचा नमस्कार. पूनम लिवतीया, मी सांगतीया.

आक्का, तुमी पोलीस बोलवनार हायसा आसं कळलं. नगा बोलवू. डबा माझाच हाय. म्हंजी मीच दिल्याला हाय, प्रांजलच्या बारशाला. आनंदरावानं पाराव वर धरला तवाच मी वळखला. कडी वाकडी हाय त्येची. घुगऱ्या भरून आनताना माझ्याच हातनं पडला व्हता.

बोलले न्हाई. पोरीला पावनं बघून गेल्यात. मी तोंड उघाडलं तर माझ्यावरचं बालंट तिच्यावर जाईल. तिनं त्यो का पुरला मला ठावं न्हाई. पर वंगाळ करायची न्हाई ती. ल्हानपनी माझं करडू मेलं तवा दोन दीस जेवली न्हवती.

दूध घेत न्हाईत तर सगळं करडंच पित्यात. पार पैलवान झाल्यात. येवढा फायदा झाला बगा.

आवसंच्या आदी मी कासुर्डीला लेकीकडं जातीया. चाळीस वरसं हितं काढली, आन् आता जाताना नळावर कुणी पान्यालाबी इचारत न्हाई, त्येवढं लागतंय मनाला. बाकी काय न्हाई.

घसा जपा. ज्येष्ठमध चघळा. पोरीला यातलं काय कळवू नगा.

सगुणाचा आंगठा


सणसवाडी
२२ जानेवारी २०२५

आत्या,

कागद बसमध्येच वाचला. हनुमंतमामांनी आरशातून बघितलं आणि रेडिओ बंद केला. नंतर एवढंच म्हणाले, "पोरी, मी पत्रं वाचत न्हाई. पर आज वाचल्यासारखं वाटलं."

डबा मी पुरला. तो मरणचुकाराच्या जिवाचा डबा होता. पोरांनी नकाशा बघून शोधायचा आणि फोडायचा, असा खेळाचा शेवट होता. ओव्हरटाइम लागला, आम्ही गेलो नाही, आणि मी विसरले. फासा आमचा, कवटी प्लॅस्टिकची, हाड बिर्याणीतलं. गिळलेल्या सात आत्म्यांना नावं हवी होती, म्हणून वस्तीवरची सुचतील ती लिहिली. आनंदरावआप्पांचं पहिलं सुचलं, कारण कैऱ्या पाडल्या म्हणून त्यांनी मला शंभर उठाबशा काढायला लावल्या होत्या. तेव्हा मी दुसरीत होते.

डब्यावर काही कोरलंय हे मला माहीत होतं. वाचलं कधीच नव्हतं. घरातल्या भांड्यावरचं नाव कोण वाचतं? मेण छान ओघळावं म्हणून वरून भरपूर ओतलं, एवढंच आठवतं.

मला भीती बाबांची वाटली, केडगावच्या पाहुण्यांची वाटली. सगुणाआज्जीची आठवणसुद्धा आली नाही, हे लिहिताना लाज वाटते. डबीतला माझा जीव टिकावा म्हणून मी तिचा गिळायला निघाले होते. माझ्या गोष्टीतला तो कोण, हे मला बसमध्ये कळलं.

मी २६ ला जाते. मला भाषण लिहून दे. तुझ्यासारखं, पेटवणारं.

प्रांजल


शिरूर
२४ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,

भाषण लिहून देणार नाही. काल रात्री चार पानं लिहिली होती, सकाळी बंबात घातली. माझ्या भाषणांनी टाळ्या पडतात, मंडळी उठून घरी जातात आणि दारावरचं लिंबू तसंच लटकत राहतं. हे मला आज दिसलं असं नाही. आज कबूल करते आहे.

आणि आनंदराववर मी पुराव्याशिवाय आरोप केला. "पुरावा दाखवा" असं आयुष्यभर ओरडत आलेल्या बाईनं! अर्ज फाडून टाकला. तो अर्ज पोहोचला असता तर मीही एक बोट दाखवणारीच झाले असते. माझा देवऋषी खादीचा, एवढाच फरक.

आता कामाचं. तुझ्या बारशाला सगळ्यांनी स्टील दिलं, एकट्या सगुणाबाईनं पितळ दिलं. नाव घालायला ती यवतच्या बाजारात निघाली तेव्हा मजकूर मीच कागदावर लिहून दिला होता, कारण तिला लिहिता येत नाही. तो मजकूर मला पाठ आहे. तिचं नाव मधोमध आहे. त्याच्या आधी काही शब्द आहेत आणि नंतर एक शब्द आहे. पूनमला विचारलं, ती म्हणते, फक्त नाव दिसतं, बाकीच्यावर मेण आहे.

मेण आधी काढू नकोस. सगळ्यांसमोर निघू दे. आणि तू वाचू नकोस, दुसऱ्या कुणाला तरी वाचू दे. बस, एवढंच कर. खरं बोल आणि थोडं बोल. मला जे कधी जमलं नाही, ते.

आत्या


लवणवस्ती
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,

काल काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटून झाली. मग आनंदरावआप्पांनी डबा आणवला. आणणाऱ्यानं तो सांडशीत धरला होता. आप्पा मफलर गुंडाळून खुर्चीत, डोळे हळदीसारखे. सगुणाआज्जी सगळ्यांत मागे, लिंबाखाली. शेजारी गाठोडं बांधलेलं. कासुर्डीला जायला ती बैठक संपायची वाट बघत होती.

मी उठले. म्हणाले, "डबा माझा आहे. मी पुरला."

बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "खाली बस." मी बसले नाही.

"तुजा?" आप्पा म्हणाले. "नाव सगुणीचं हाय की! मी सोता वाचलंय. दोन डोळं हायेत मला."

"पिवळे!" मागून कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं फिसकन हसले.

"आप्पा, नावाच्या पुढं काय लिहिलंय?"

"पुढं रगात हाय."

"मेण आहे."

कुणी हात लावेना. तेवढ्यात आप्पांच्या सोजराबाई उठल्या. "माझ्या मालकाचं मरान हाय व्हय त्यात? मग मीच बगते," म्हणाल्या. पदरानं डबा धरला आणि बांगडीच्या कडेनं मेण खरवडायला लागल्या. खपल्या पडत होत्या तशी माणसं पुढे सरकत होती. मग त्यांनी डबा पूनमपुढे धरला. "वाच गं."

पूनमनं वाचलं, "चि. प्रांजल हिच्या बारशास, सगुणा ज्योतिबा टेळे यांजकडून."

मी म्हणाले, "यांजकडून, आप्पा. डबा आज्जीचा नाही, तिनं दिलेला आहे. सोजराकाकी, तुमच्या चहाच्या डब्यावर कुणाचं नाव आहे?"

काकींनी आठवलं. "राजश्रीआक्काचं. आमच्या लग्नात दिल्याला."

"मग तुमच्या चहावर आत्या करणी करते का?"

"करती की! रोज साखर कमी पडती."

आत्या, बांध फुटला तो तिथे. एक म्हणते माझ्या परातीवर चुलत जावेचं नाव, दुसरी म्हणते माझ्या तांब्यावर यवतच्या मामांचं. एक म्हातारी उठून म्हणाली, "आमच्या हंड्याव तर मेलेल्या सासूचं नाव हाय. रोज डोक्याव बसतीया." स्वतःचं नाव असलेलं भांडं कुणाच्याच फळीवर निघेना.

मग खेळाचं सांगितलं. फासा दाखवला, लिच म्हणजे काय ते सांगितलं. तेवढ्यात लिंबाखालून आवाज आला, "लीख? उवाची लीख? आन् त्यापायी येवढा दंगा? राकेल लावायचं की गं!" आज्जी दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा चारचौघांत बोलली होती. हसता हसता लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काहींच्या ते नुसतं हसण्यानं नव्हतं.

आप्पा तेवढे हसले नाहीत. "माझं नाव पैलं का टाकलं?"

"कैऱ्या, आप्पा. शंभर उठाबशा."

"पन्नास व्हत्या."

"शंभर."

त्यांनी खाली बघितलं. "आसतील. मग ही कावीळ?"

"काविळीला डॉक्टर. पूनम तीन वेळा सांगून गेली, तुम्ही लिंबू बांधून बसलात."

"म्हंजी मी मरत न्हाई?"

"या डब्यानं तरी नाही."

आप्पांनी मफलर सोडला, खुर्चीत मागे टेकले आणि मोठा श्वास टाकून म्हणाले, "हुश्श! जीव भांड्यात पडला!"

क्षणभर सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, मग सोजराबाईंच्या हातातल्या डब्याकडे. आणि शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली, एवढा हशा झाला. सोजराबाई म्हणाल्या, "झाकन लावू का आता?"

देवऋषी रद्द. आप्पा काठी टेकत लिंबापर्यंत गेले. "सगुणे, चुकलं. उद्यापास्नं दूध घाल."

आज्जी म्हणाली, "करडांला इचारते. त्येंची सवय मोडायची हाय." आणि गाठोडं सोडायला बसली. गाठ तिनं घट्ट मारली होती. सुटेना, तेव्हा आप्पाच खाली वाकले. तेही सुटेना. शेवटी सोजराबाईंनी दातानं सोडली.

मी आज्जीच्या पाया पडले. विचारलं, "तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "दिल्याली वस्तू. तिचं तू काय करशील ते तुजं." मी डबा तिला परत द्यायला गेले, तर रागावली. घरात घेऊन गेली आणि तिळाच्या वड्या भरून माझ्या हातात दिला. रिकामा द्यायचा नसतो म्हणे. मेणाचा लाल ओघळ अजून कडीला आहे. मी तो काढणार नाही.

केडगावच्या पाहुण्यांचा आज फोन आला. "कळवतो" म्हणाले. ते काय कळवणार ते कळलंच. आत्या, खरं सांगू? मला बरं वाटलं. आईसुद्धा म्हणाली, "त्यांची आई लई बारीक बघत होती गं."

बाबा रात्रभर माझ्याशी बोलले नाहीत. आज सकाळी एसटी येईपर्यंत स्टॉपवर थांबले. गाडी दिसली तेव्हा म्हणाले, "तो मरणचुकार, मेला का शेवटी?" म्हटलं, रविवारी ठरेल. "कळव," म्हणाले, आणि हुरड्याची पिशवी खिडकीतून आत दिली. पाच जणांना पुरेल एवढा हुरडा होता त्यात.

पत्र गाडीतच पुरं करते आहे. यवत गेलं.

प्रांजल


शिरूर
५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल,

तुझं पत्र मी सहा वेळा वाचलं. सातव्यांदा हनुमंताला वाचायला दिलं. त्यानं आधी वाचलं नव्हतं, हे त्याच्या हसण्यावरून कळलं. माणसावर उगाच संशय घेऊ नये.

आनंदरावला चार ओळी लिहिल्या. त्याच्याविषयी मी मनात काय धरलं होतं ते सांगितलं आणि माफी मागितली. सोजराला लग्नात मीच डबा दिला होता, हे मी पार विसरले होते. ती रोज दोन वेळा माझ्या नावाला हात लावून चहा करते आणि मी इथं बसून तिच्या नवऱ्यावर अर्ज लिहीत होते! त्याचं उत्तर आलंय: "कावीळ उतरली. आक्का, उठाबशा पन्नासच होत्या."

नंतर स्टूल घेऊन माझी फळी बघितली. तेवीस भांडी. माझ्या नावाचं एकही नाही. तुझ्या मरणचुकाराचं काय चुकलं ते मला तिथे, स्टुलावर उभं असताना समजलं. जीव डब्यात ठेवला म्हणून तो बिघडला नाही. डबा त्यानं स्वतःपाशी ठेवला, कुणाला दिला नाही, म्हणून त्याला दुसऱ्यांचे आत्मे गिळावे लागले. हे तुझ्या पोरांना सांग. पुढच्या भाषणातही मी सांगणार आहे. हो, पुढच्या भाषणात!

कारण काल सहा आठवडे पुरे झाले. डॉक्टरांनी घशात नळी घालून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "बाई, आता एक शब्द बोला. कोणताही." सहा आठवड्यांत मनात हजार शब्द साठले होते. क्रांती होता, विवेक होता, धिक्कार तर दोनदा होता. तोंडातून एकच निघाला.

"यांजकडून."

डॉक्टर म्हणाले, "कोणाकडून?"

आवाज फाटका आहे, पण अक्षर न् अक्षर निघालं. मी खिडकीकडे तोंड करून तो शब्द पुन्हा एकदा म्हटला. नर्स हसायला लागली, मग मीही.

रविवारी तुमच्या खेळाला येते आहे. फासा कसा टाकतात ते दाखव. वड्या शिल्लक ठेव. त्या संपल्या असल्या तर डबा धुऊन ठेव. मी रिकाम्या हातानं यायची नाही.

तुला, तुझ्या चौघांना आणि वस्तीवरच्या पैलवान करडांना अनेक आशीर्वाद,

राजश्री आत्या यांजकडून